नळ पाणी पीत नाही

बुबाला ‘काय, कसा आहेस?’ एवढं विचारून पुढे सटकता येत नसे. तो थांबवायचा. सायकलवर असला तर उतरायचा, हँडल कमरेला टेकवून उभा राहायचा आणि मग त्याची विचारपूस सुरू व्हायची. तू बरा आहेस? बायको बरी आहे? मुलगी बरी आहे? आई बरी आहे? गावाकडची माणसं? घर? काम? सायकल? प्रत्येक प्रश्नाला आपण एकच म्हणायचं, “जाम तुन.” म्हणजे त्याच्या पुलार भाषेत, सगळं शांत आहे. टायर पंक्चर असो की पोरगी तापानं फणफणलेली असो, जाम तुन. सुरुवातीला एकदा मी न राहवून मध्येच म्हणालो, “अरे, मेधाचं डोकं कालपासून ठणकतंय.” त्यानं बोट वर करून मला गप्प केलं.

“बुर्मान, बातमी नंतर. आधी सलाम.”

बुर्मान म्हणजे डच भाषेत शेजारी. अकरा वर्षांत त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. सगळी विचारपूस झाली की तो गप्प व्हायचा आणि आपल्याकडे बघत राहायचा. त्या गप्प राहण्यात खरी बातमी सांगायची असते. त्याच्या गावाकडे, गिनीच्या डोंगरात, माणूस मेल्याचंसुद्धा असंच सांगतात, आधी सगळं शांत आहे म्हणायचं आणि मग सांगायचं. मला हे फार आवडलं होतं. आपल्याकडे फोन उचलल्या उचलल्या ‘अरे, ते कुलकर्णी गेले’ म्हणून अंगावर धोंडा टाकतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं मी माझ्या बायकोला, मेधाला म्हटलेलं आठवतं.

आता तो मोठा माणूस आहे. आइंडहोवनच्या स्टेशनाबाहेर त्याचा चेहरा माझ्यापेक्षा उंच पोस्टरवर लागलेला असतो, खाली त्याचं रॅपवालं नाव, ‘टोल्क’. टोल्क म्हणजे दुभाषा. मराठी घरांतली पोरं त्याची गाणी म्हणतात. कुठे जेवायला गेलो की कुणीतरी विचारतंच, “तुमचे शेजारी होते ना ते?” होते, म्हणतो मी, आणि भाताकडे वळतो. आमच्या मंडळानं दिवाळी अंकासाठी त्याच्यावर लेख मागितला होता. तो मी दिला नाही. हा त्याच्याऐवजी लिहितोय, आणि हा कुणाला देईन असं वाटत नाही.

आम्ही आइंडहोवनजवळच्या बेस्ट या गावी राहायला आलो तेव्हा घरांच्या ओळीत आमच्या डाव्या भिंतीपलीकडे तो राहत होता. बेस्टमध्ये तेव्हाही दर तिसऱ्या घरात एक इंजिनियर होता. मीही त्यातलाच, पुण्याहून आलेला, सकाळी साडेआठला डबा घेऊन सायकलवर टांग मारणारा. मधली भिंत पातळ. सकाळी सातला पलीकडून कुणीतरी भराभर बोलतंय असं ऐकू यायचं, आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मेधाला वाटलं, तिथे बरीच माणसं राहतात. आठव्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात सहा फुटी सडपातळ माणूस, हातात पुदिन्याची जुडी.

“मला एक विचारायचंय,” तो इंग्रजीत म्हणाला. “तुमच्या घरात रोज शिट्टी वाजते. कधी तीन, कधी पाच. मी तिच्यावर ताल धरतो, पण कधी थांबेल तेच कळत नाही.”

मेधानं त्याला आत बोलावून कुकर दाखवला. भाताला तीन, डाळीला पाच. त्यानं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं, रबराची रिंग ताणून पाहिली, शिट्टी कानाशी धरून हलवली. मी पुण्याहून एक नवा कोरा कुकर जास्तीचा आणला होता, तोसुद्धा माळ्यावरून खोक्यासकट खाली काढून दाखवला. इथे चांगला मिळत नाही म्हणून आपण सगळेच आणतो. “दोन?” तो म्हणाला. “एक गातो आणि एक वाट बघतो?” त्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला.

बुबाकार त्याचं पाळण्यातलं नाव. घरी पुलार, बाजारात सुसू, शाळेत फ्रेंच, अशा तीन भाषा घेऊन सोळाव्या वर्षी तो एकटा या देशात आला. निर्वासितांच्या छावणीत डच शिकला, इंग्रजी टीव्हीवरून उचलली. तिथल्याच खाटेवर पाय लोंबकळत सोडून त्यानं रॅप रचायला सुरुवात केली. एका भाषेत यमक जमलं नाही की दुसरीत उडी मारायची. “तुमच्याकडे फोडणीत जिरं नसलं तर मोहरी टाकतात, तसं,” असं तो मेधाला म्हणाला. फोडणी हा शब्द त्याला आमच्या मुलीच्या, ईराच्या आधी यायला लागला होता.

पोट मात्र रॅपवर नव्हतं. दिवसा तो फोनवरचा दुभाषा होता. कुठल्या तरी हॉस्पिटलमध्ये गिनीची बाई पोटात दुखतंय म्हणून आलेली असे, डॉक्टर डचमध्ये विचारणार, बुबा पुलारमध्ये सांगणार, तिचं उत्तर परत डचमध्ये. कधी वकील, कधी शाळा, कधी पोलीस. या कामासाठी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावून. समोर कुणी नाही, नुसता फोन, खाली अर्धी चड्डी, पण शर्ट हवाच. तो त्याला शपथेचा शर्ट म्हणायचा, कारण या कामात शपथ घ्यावी लागते, ऐकलेलं बाहेर काढणार नाही म्हणून. आणि फोन संपला की मागच्या अंगणात येऊन तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरायचा आणि कुंपणाच्या मुळाशी थुंकायचा. मेधा आधी वैतागली. मग एकदा मीच विचारलं.

“दुसऱ्याचे शब्द तोंडात ठेवू नयेत,” तो म्हणाला. “दुभाषा म्हणजे नळ, बुर्मान. पाणी येतं, जातं. नळ पाणी पीत नाही.”

हे वाक्य मी ऑफिसात किती जणांना ऐकवलं असेल! माणूस असावा तर असा, म्हणायचो. कानाला खडा लावायचा तो मी तिथेच लावायला हवा होता, पण तेव्हा काय माहीत.

त्याला मोठं व्हायचं होतं, हे तो लपवत नसे. एका गाण्याच्या कंपनीचा माणूस त्याला भेटायला आला होता, नाकावर चष्मा, पायात महागडे बूट. तो म्हणाला, आवाज चांगला आहे, पण एक भाषा निवड. डच किंवा फ्रेंच. बुबानं त्याला आमच्याकडे आणलं, जेवायला बसवलं आणि मेधाला म्हणाला, “यांना फक्त भात वाढा. डाळ नको, भाजी नको, लोणचं नको.” त्या माणसानं दोन घास खाल्ले आणि हसून बशी सरकवली. हसला खरा, पण परत काही आला नाही. पुढची सात वर्षं बुबा न्हाव्याच्या वाढदिवसाला आणि गावच्या युवक केंद्रात गात राहिला.

एकदा मास्ट्रिख्टला त्याचा कार्यक्रम होता. मी, मेधा आणि ईरा गेलो. हॉलमध्ये आमच्यासकट अकरा माणसं. मला त्याच्यासाठी लाज वाटली, पण त्याला वाटली नाही. त्यानं खाली उतरून प्रत्येकाला विचारलं, तुझी भाषा कोणती? आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत चार ओळी दिल्या. एका म्हाताऱ्याला तिथलीच लिंबर्गची बोली, एका विद्यार्थिनीला मोडकंतोडकं पोर्तुगीज. आमच्यापाशी आला आणि मराठीत सुरू झाला, “चहा घेणार का? दूध संपलं. किती शिट्ट्या झाल्या? ईरा, दप्तर उचल!” भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं आमचं सगळं घर त्यानं तालात म्हणून दाखवलं. आठ वर्षांची ईरा खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी पोट धरून हसलो. भिंतीपलीकडून हा सगळं ऐकतो, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माणूस आपल्यावर इतकं प्रेम करतोय म्हटल्यावर कोण कशाला मनावर घेतो.

आईशी त्याची ओळख व्हिडिओ कॉलवर झाली. आई मिरजेला दादाकडे असायची. मी त्याला आपली मराठी विचारपूस शिकवली होती. त्यानं फोन हातात घेतला आणि रांगेत सुरू झाला. “आई, तुम्ही बऱ्या आहात? दादा बरे आहेत? वहिनी बऱ्या आहेत? घर बरं आहे? म्हशी बऱ्या आहेत?”

“म्हशी होय?” आई म्हणाली. “म्हशी विकल्या रे बाबा, तुझ्या जन्माच्या आधी.”

पण तो प्रश्न तिला फार भिडला. इतक्या वर्षांत तिच्या म्हशींची कुणी चौकशी केली नव्हती. त्यानंतर फोन आला की माझ्याशी दोन मिनिटं बोलून झालं की म्हणायची, “त्या बुबाला दे.” मग एकेका म्हशीचं नाव, कुठली मारकी होती, कुठली पान्हा चोरायची, सगळं. त्याला निम्मं कळायचं नाही. पण तो फोन कानाशी धरून तासभर ‘हो आई, हो आई’ करत बसायचा.

त्याची स्वतःची आई कशी गेली, हे त्यानं मला एकदा पायरीवर बसून सांगितलं. त्याला राहण्याचे कागद मिळायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं. सातव्या वर्षी चुलतभावाचा फोन आला. घर? जाम तुन. गुरं? जाम तुन. आई? जाम तुन. सगळं विचारून झालं आणि भाऊ गप्प झाला. “तो बोलायच्या आधीच मला कळलं,” बुबा म्हणाला. त्यानं छावणीच्या कुंपणाला हात लावला आणि उभा राहिला. तेवढंच त्याला करता आलं.

हे मी ऐकलं होतं. मला माहीत होतं. हे मी पुन्हा सांगतोय, कारण पुढे मी जे केलं ते माहीत असून केलं.

ईरा नऊ वर्षांची असताना आई आजारी पडली. मिरजेच्या हॉस्पिटलात होती. नेमकं तेव्हाच माझ्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड संपलं होतं, नवं यायचं होतं, त्याशिवाय देश सोडला तर परत येता आलं नसतं. मेधा आणि ईराची कार्डं मेधाच्या नोकरीवरची, त्यांची मुदत वेगळी. दादा रोज विचारायचा, मी रोज सांगायचो, “कार्ड निघालंय, वाटेवर आहे. हातात पडलं की निघतो.” तोपर्यंत हे खरं होतं. मेधा म्हणाली, मी आणि ईरा पुढे जातो. मी म्हटलं, थांब दोन दिवस, सगळेच जाऊ.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन कार्ड घेऊन आलो. संध्याकाळी दादाचा फोन आला. “आलं का रे?” आणि मी म्हटलं, “नाही अजून. वाटेवर आहे.”

असं का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पुढच्या सोमवारी ऑफिसात मोठं काम होतं, हे खरं. आईला तशा अवस्थेत बघायची भीती वाटत होती, हे जास्त खरं. सोमवार उरकला की मंगळवारी निघू, असं मनाशी ठरवलं आणि कार्ड माळ्यावरच्या नव्या कुकरच्या खोक्यात, रिंगांच्या पाकिटाखाली सरकवलं. गुरुवारी ईरा खुर्ची लावून माळ्यावरचा पतंग काढायला चढली, तर मी तिच्या अंगावर असा खेकसलो की ती रडायला लागली. शनिवारी आई गेली.

मग ते कार्ड कसं बाहेर काढणार? दादानं अग्नी दिला, मी फोनच्या पडद्यावर पाहिला. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी माझं कार्ड ‘आलं’. मेधा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. दादा म्हणाला, “तू काय करणार रे, तुझा काय इलाज होता!” त्याच्या त्या समजूतदारपणानं मी आतून पोखरला गेलो.

दोन वर्षं पोटात ठेवलं. मग एका रविवारी, आईच्या तिथीच्या दिवशी, मी आणि बुबा कालव्याच्या कडेनं आइंडहोवनला निघालो होतो. त्याची एक पद्धत होती. नवी ओळ रचली की ती वाऱ्याविरुद्ध सायकल मारत म्हणून बघायची. दम पुरला तर ओळ ठेवायची, नाहीतर तोडायची. त्या दिवशी वारा समोरून, तो ओळी म्हणतोय, मी शेजारी. तो थांबला तसा मी बोलायला लागलो. सायकलवर दोघंही समोर बघत असतात, त्यामुळे खोटं बोलायला तोंड नसतं आणि खरं बोलायला लाज नसते. मी सगळं सांगितलं. मंगळवार, खोकं, रिंगांचं पाकीट, पतंग, चौदावा दिवस. तो पॅडल मारत राहिला. पुलापाशी आल्यावर म्हणाला, “वारा कमी झालाय.”

घरी आलो. मी मागच्या दाराशी उभा होतो. तो त्याच्या अंगणात सायकल लावत होता. त्या दिवशी त्यानं चूळ भरली नाही. मी ते पाहिलं आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. वाटलं, माझं बोलणं त्याला परक्याचं वाटलं नाही.

नंतर दीड वर्षानं तो रॉटरडॅमला राहायला गेला. आणि आणखी दोन वर्षांनी ते गाणं आलं, ‘ओन्डरवेख’, म्हणजे वाटेवर. मधली कडवी डच, आणि धृपद सहा भाषांत, पुलार, सुसू, फ्रेंच, इंग्रजी, डच आणि सगळ्यांत शेवटी आपली मराठी. स्वच्छ, आईच्या मिरजेच्या हेलात, “वाटेवर आहे, वाटेवर आहे.” झालं! मराठी माणसाला एवढं पुरतं. नेदरलँड्समधल्या सगळ्या ग्रुपांवर ते फिरलं. आणि सगळ्यांत आधी कुणी फिरवलं? मी. ‘आमचा शेजारी! मराठी आम्ही शिकवली!’ खाली तीन फेट्यांची चित्रं. बारा वर्षं या देशात राहून माझी डच भाजीबाजाराच्या पुढे गेलेली नाही, ऑफिस सगळं इंग्रजीत. रॅपची डच तर डोक्यावरून जाते. मी ते गाणं दादालाही पाठवलं. दादानं लिहिलं, ‘छान! आईला फार आवडलं असतं.’ तीन आठवडे मी ते गाडीत लावून गुणगुणत होतो.

मंडळाचा निरोप आला, लेख लिहा, आणि गाण्याचा अर्थ पण द्या. एका रविवारी आम्ही बुइटनव्हेल्डर्टला मित्राकडे सत्यनारायणाला चाललो होतो. मी गाडी चालवतोय, शेजारी मेधा, मागे ईरा, आता पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर डचमध्येच, फार तर इंग्रजीत. मी गाणं लावलं आणि म्हटलं, “ईरा, काय म्हणतो गं तो? एकेक ओळ सांग मला.”

ती खुशीत सुरू झाली, इंग्रजीत. “एक माणूस आहे. त्याची आई लांब आहे, आजारी आहे.” पुढची ओळ. “त्याला सगळे विचारतात, कधी येतोस? तो म्हणतो, कागद वाटेवर आहे.” पुढची. “पण कागद आलेला आहे.” मग ती जरा हळू झाली. “त्यानं तो लपवलाय. एका भांड्याच्या खोक्यात. शिट्टी... शिट्टी वाजवणाऱ्या भांड्याच्या.” पुढची ओळ तिनं सांगितली नाही. धृपद सुरू झालं, सहा भाषा एकामागून एक, आणि शेवटी ती मराठी. मेधानं हात पुढे करून बंद केलं.

मग मागून ईराचा आवाज आला. मराठीत.

“बाबा, कार्ड आलं होतं?”

मी समोर बघत होतो.

“मी खुर्चीवर चढले, तू ओरडला. तेव्हा होतं?”

“हो,” मी म्हटलं.

“मी आणि आई जाणार होतो,” ती म्हणाली. “तू सांगितलं, थांब.”

सत्यनारायणाला आम्ही गेलो. प्रसाद घेतला. मेधा हसून सगळ्यांशी बोलली, बायकांत बसून आरती म्हणाली. तिथेही कुणीतरी हौसेनं ते गाणं लावलं आणि चिल्लीपिल्ली ‘वाटेवर आहे’ म्हणत नाचायला लागली. ईरा बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली.

दुसऱ्या आठवड्यात मी रॉटरडॅमला गेलो. बुबानं दार उघडलं, मला बघून त्याचा चेहरा फुलला. “बुर्मान! तू बरा आहेस? मेधा बरी आहे? ईरा...”

“बातमी आधी,” मी म्हटलं. “केसानं गळा कापलास माझा.”

त्याला कळलं. कशाबद्दल, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. मला आत बसवलं. खुंटीवर तो पांढरा शर्ट होता, अजून इस्त्रीचा.

“लोक मला विचारतात,” तो म्हणाला, “एवढ्या गोष्टी तुझ्याकडे येतात कुठून? त्यांना वाटतं, फोनवरच्या. एवढ्या वर्षांत ज्यांच्यासाठी बोललो, त्यांचं एक अक्षर माझ्या गाण्यात नाही, बुर्मान. एक अक्षर नाही. ती शपथ आहे.”

“आणि मी?”

“तू दुभाष्याला नाही सांगितलंस. मित्राला सांगितलंस. तिथे शपथ नव्हती.”

मला हसावं की त्याच्या थोबाडीत मारावी, कळेना. “मित्राला शपथ घालावी लागते?”

तो खाली बघत राहिला. “तुझं नाव घेतलेलं नाही मी.”

“खोकं घेतलंस.”

“खोकं नसतं तर ते खरं वाटलं नसतं.”

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला, जसं सुतारानं सांगावं, इथे खिळा लागतोच. आणि मग अगदी खालच्या आवाजात, “माझ्याकडे कार्ड नव्हतं, बुर्मान. तुझ्याकडे होतं.”

जगातला सगळ्यांत चुकीचा माणूस निवडून मी त्याच्यापुढे मन मोकळं केलं होतं. पण म्हणून माझा राग कमी झाला नाही, हेही सांगायला हवं. “चीड आली होती ना? मग त्या दिवशी कालव्यावर मला शिवी द्यायची होतीस. पाण्यात ढकलायचं होतंस. मी ऐकून घेतलं असतं.”

“तेव्हा ओळ सापडली नव्हती,” तो म्हणाला.

मी उठलो. त्यानं थांबवलं नाही.

गेल्या सुट्टीत ईराच म्हणाली, तू काकाला सांग, नाहीतर मी सांगते. आम्ही दोघं मिरजेला गेलो. मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, चष्मा काढून पुसला, आणि “दूध आणायचंय” म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडला. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. ईरा माझ्याशी बोलते, पूर्वीपेक्षा जास्त मराठीतही बोलते. पण मी काही सांगितलं, अगदी उद्या पाऊस आहे एवढं जरी, तरी ती आधी मेधाकडे बघते. मेधानं मान हलवली की मग मानते.

बुबा मला शेवटचा दिसला तो महिन्यापूर्वी, बेस्टच्या बाजारात. मी मासळीच्या गाड्यापाशी रांगेत होतो. त्याच्या अंगात साधं जाकीट, डोक्यावर टोपी, म्हणून कुणी त्याला ओळखलं नव्हतं. माझ्यासमोर आला आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

“बुर्मान. तू बरा आहेस?”

तोंड फिरवता आलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय. “जाम तुन,” मी म्हटलं.

“मेधा बरी आहे?”

“जाम तुन.”

“ईरा बरी आहे?”

“जाम तुन.”

“मिरजेला दादा बरे आहेत?” तो मराठीत म्हणाला.

“जाम तुन.”

“घर? काम? सायकल?”

“जाम तुन. जाम तुन. जाम तुन.”

मग तो गप्प झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. आता माझी पाळी होती. दादाचा वाजत राहणारा फोन, मेधाकडे बघणारी ईरा, सगळं अगदी ओठांवर आलं. या अख्ख्या देशात हे सांगावं असं माझ्याकडे एकच माणूस होतं, आणि ते समोर उभं होतं, कान देऊन.

मी मासे न घेताच रांगेतून बाहेर पडलो आणि सायकल काढली. चौकाच्या टोकाला पोचल्यावर वळून पाहिलं. पिशवी पायाशी तशीच ठेवून तो अजून तिथेच उभा होता, बातमीची वाट बघत.